रंगरुटाची जात संकरित

तेहतीस वर्षांच्या सरकारी नोकरीत माझ्या दवाखान्यात मांजर एकदाच आलं. ते आजारी नव्हतं. शिपायाच्या डब्यातला बोंबील तोंडात धरून ते आलं तसं खिडकीतून निघून गेलं. आमच्या मासिक अहवालात जनावरांचे रकाने असत: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा आणि सगळ्यात शेवटी 'इतर'. मांजर या 'इतर'मध्ये. माझ्या 'इतर'मध्ये सगळ्या नोकरीत मिळून दोन गाढवं, सर्कशीतून सुटून आलेला एक उंट आणि दवाखान्याच्या पायरीवर पाय मुरगळलेला एक तलाठी, एवढेच पेशंट जमा झाले. हे आधी मुद्दाम सांगतोय. पुढं जे घडलं त्यात माझा दोष किती आणि त्या रकान्याचा किती, हे वाचणाऱ्यांनी ठरवावं.

आमच्या धंद्याला गावात 'ढोराचा डाक्टर' म्हणतात. पेशंट काही सांगत नाही आणि मालक सगळं सांगतो, फक्त आजाराचं सोडून. पण माझं मुख्य काम उपचाराचं नव्हतंच. गाय माजावर आली की विलायती जातीच्या वळूचं बीज नळीनं भरायचं. याला कृत्रिम रेतन म्हणतात. त्यातून होणारं वासरू संकरित. कराड भागात आज ज्या काळ्या-पांढऱ्या गाई रवंथ करत बसलेल्या दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणींच्या आज्यांना मी वैयक्तिक ओळखतो. वाईला असताना एका गुरुजींनी गाईला नळी भरायच्या आधी पंचांग उघडलं. "डॉक्टर, राहुकाळ आहे. दीड तास थांबा." मी म्हटलं, "गुरुजी, मी थांबतो, पण गाईला विचारा." गाय थांबली नाही. बाजूच्या गोठ्यातला गावठी खोंड दावं तोडून आला आणि त्यानं राहुकाळातच कार्य उरकलं. कालवड मात्र झकास झाली.

या कामाचा एक परिणाम असा की मला जिकडंतिकडं संकर दिसायला लागला. कुत्रं दिसलं की हे निम्मं अल्सेशियन, कोंबडी दिसली की ही पाव गिरिराज. आमची ही म्हणते, "पाहुण्यांच्या पोराकडं बघून तरी असलं काही बोलत जाऊ नका."

निवृत्तीनंतर मलकापुरात एक गाळा घेतला. पेंटरला सांगितलं, पाटीवर म्हैस काढ. तो म्हणाला, "म्हशीला काळा रंग लय लागतोय सायेब," आणि त्यानं मांजर काढलं. पाटीवर मांजर आहे म्हणून लोक मांजरं घेऊन येऊ लागले. मी मोबाईलवर थोडं वाचलं आणि बाकी धकवून नेऊ लागलो.

आता कवठे महांकाळचं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तिथं एक धनगर होता, बिराप्पा. त्याच्या कळपात एक मेंढी वीत असताना गेली, मागं कोकरू राहिलं. त्याच दिवशी दुसऱ्या एका मेंढीचं कोकरू मेलेलं जन्मलं होतं. बिराप्पानं ते मेलेलं कोकरू उचललं आणि त्याचा ओला चिकटा या पोरक्या कोकराच्या अंगाला चोळायला सुरुवात केली. मी कॉलेजातून ताजा ताजा बाहेर पडलेला. म्हटलं, "हे अडाणी प्रकार बंद करा." कोकरू स्वच्छ पुसायला लावलं, मेंढीला पान्हा यायचं इंजेक्शन दिलं आणि कोकरू तिच्या कासेला लावलं. तिनं त्याला अशी धडक दिली की ते कुंपणावर जाऊन पडलं. दोन दिवस बाटलीनं पाजलं. तिसऱ्या दिवशी मेलं.

त्याच हंगामात पुन्हा तसाच प्रसंग आला, तेव्हा बिराप्पानं मला बाजूला उभं केलं. म्हणाला, "सायेब, तुमी डोळ्यानं वळकता. मेंढी नाकानं वळकती." आणि चोळायच्या आधी त्यानं कोकरू हातावर धरून सगळ्या वाड्याला, म्हणजे धनगरांच्या तळाला, मोठ्यानं विचारलं, "हे कुणाचं?" बायका-माणसांनी ते अमक्या मेंढीचं, ती गेली, असं सांगितल्यावरच त्यानं हात ओला केला. मेंढीनं कोकरू हुंगलं आणि पाजलं. मला ते विचारणं म्हणजे नुसता रिवाज वाटला. चोळण्याची युक्ती मी लक्षात ठेवली. विचारण्याचं विसरलो.

तर सुभेदार जगताप. फौजेतून निवृत्त, मलकापूरच्या बाहेर ऊस, उसाच्या कडेला बंगला. एका मंगळवारी सकाळी गाळ्यात आले ते दार अडवूनच उभे राहिले.

"डाक्टर, आमचा हवालदार रिटायर व्हाय आलाय."

"मग पेन्शनचे कागद..."

"आवं मांजर! बारा वर्सं झाली. धान्याच्या खोलीत उंदीर न्हाई ऱ्हाऊ दिला त्यानं. आता नजर कमी झालीया. चार्ज घ्यायला नवा रंगरूट आनलाय, पण ह्यो चार्ज द्याय तयार न्हाई. भांडान चालू हाय."

मी बॅग घेतली. बंगल्यावर हवालदार ओसरीत त्याच्या पोत्यावर बसलेला. एक कान फाटका, भरघोस गलमिश्या, पाहुण्याकडं बघण्याची पद्धत हुबेहूब पोलीस ठाण्यातली. रंगरूट खोक्यात. सुभेदारांच्या पत्नींनी, म्हणजे वैनींनी, झाकण उघडलं आणि आतून मूठभर पिल्लानं अशी काही फिस्कारी मारली की मी बॅग पुढं धरली.

"कुठं मिळालं?"

"उसात," वैनी म्हणाल्या. "काल तोडीवाल्या बायांना पाचटात, वाळक्या पाल्यात गावलं. कुनी घेईना, म्या घेतलं. दूध पिईना बगा. कोंबडीचं कच्चं काळीज दिलं, तर बोट खाईल असं खातंय."

मी पिल्लू हातात घेतलं. करड्या अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी, कपाळावर पांढरे पट्टे, कान लहान आणि गोल. म्याव एकदाही नाही. इथं कुठल्याही माणसानं दोन मिनिटं थांबून विचार केला असता. पण मी तेहतीस वर्षं संकर केलेला माणूस. मी डोळे बारीक केले आणि म्हणालो, "आई गावठी. बाप विलायती. भारी चीज आहे सुभेदार."

"बापाचं काय करायचंय आपल्याला? नीट काम करील न्हवं?"

"संकरित म्हटल्यावर उत्पादन जास्तच."

मी लसीकरणाचं कार्ड भरलं. नाव: रंगरूट. जात: संकरित. लिंग: नर. वय: सव्वा महिना. स्वभाव: लाजाळू. खाली शिक्का आणि सही. या कार्डाकडं नंतर पुन्हा यायचंय.

नव्या पिल्लाची जुन्या मांजराशी ओळख करून द्यायची एक साधी रीत आहे. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं, एकाचं अंथरूण दुसऱ्याच्या खोलीत टाकायचं, चार-आठ दिवस वासाची सवय होऊ द्यायची आणि मग दाराच्या फटीतून तोंडओळख. हे मी मोबाईलवर वाचलं होतं. पण आठ दिवस थांबायचे तर माझा अनुभव कशाला? मला बिराप्पा आठवला. हवालदाराचं पोतं घेऊन मी रंगरूट त्यानं खसाखसा पुसलं. एवढ्यानं मन भरेना, म्हणून सुभेदारांची दाढीनंतरची चंदनाची पावडर मागवली आणि दोघांच्या अंगावर सारखीच शिंपडली. म्हटलं, एक वास, एक घर.

हवालदारानं एक शिंक दिली. स्वतःचा पंजा हुंगला, मग रंगरूट हुंगलं. त्याच्या अंगावरचा प्रत्येक केस उभा राहिला आणि तो पावडरीचा धुरळा उडवत ओसरीवरून उतरला, आवार ओलांडून थेट उसाच्या कडेला पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर जाऊन बसला. घराकडं पाठ, उसाकडं तोंड.

"रुसला," मी निदान केलं.

तो बुधवारीही उतरला नाही. वैनी दोन्ही वेळा वाटी घेऊन मोटारीच्या खोलीपाशी उभ्या. "आरं ये की रं. तुझ्याच घरात येतोयस न्हवं." तो वाटीकडं बघेना. दोन दिवस अन्नाला तोंड नाही. सुभेदार फिरकले की एकच वाक्य: "डाक्टर, बारा वर्सात ह्यो कवा गैरहजर न्हवता." मी आणखी पावडर मारली. पिल्लाला.

गुरुवारी मी पोचलो तेव्हा ओसरीत खाकी कपड्यांत एक तरुण मुलगी उभी. वनरक्षक. वैनींनी रंगरुटाचा फोटो मोबाईलवर स्टेटसला ठेवला होता, 'आमचा नवीन मेंबर' लिहून. तो फिरत फिरत या मॅडमपर्यंत पोचला.

"ही वाघाटी आहे," ती म्हणाली.

वैनी म्हणाल्या, "वाघाटी? आषाढी बारशीला भाजी करतो ती?"

"भाजी नव्हे मावशी. रानमांजराची जात. जगातलं सगळ्यात लहान मांजर असेल हे. मोठी झाली तरी तुमच्या त्या बोक्याच्या निम्मी. उसात पिल्लं घालते. घरात ठेवणं गुन्हा आहे."

सुभेदार ताठ झाले. "गुन्हा कसा? डाक्टरनी कारड दिलंय की!" आणि त्यांनी आतून कार्ड आणलं.

मॅडमनी ते वाचलं. मोठ्यानं नाही वाचलं, हे तिचे उपकार. मग पिल्लू उलटं करून बघितलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मादी आहे."

"आवं डाक्टर," सुभेदार हळूच म्हणाले, "येवढं तरी बरुबर लिवायचं."

मी पत्र्यावरच्या हवालदाराकडं बघितलं. त्या आवारात योग्य निदान त्या एकट्यानंच केलं होतं आणि ते सोमवारीच, पिल्लू घरात आलं तेव्हा.

मॅडमनी गुन्ह्याचं बाजूला ठेवलं. म्हणाली, "पिल्लाची आई अजून जवळपास असेल तर नेईल. उरलेला ऊस उभा आहे ना?"

उभा होता, अकरा गुंठे. पण सकाळीच ऊसतोड टोळीचा मुकादम सांगून गेला होता की शुक्रवारी तेवढा पाडून पुढच्या गावाला निघणार. बाहेरच्यांना सांगतो, आमच्याकडं उसाला तोड मिळणं म्हणजे काय. शेतकरी महिना-दोन महिने चकरा मारतो, उसाला तुरे येतात आणि एकदा आलेली टोळी परत पाठवली की नंबर थेट शेवटी. सुभेदारांनी दीड महिना चकरा मारल्या होत्या. त्यांनी एकदा उसाकडं बघितलं, एकदा खोक्याकडं.

"तिची आई तितंच आसंल?"

"ऊस उभा आहे तोवर असेल. पाडला की जाईल."

सुभेदारांनी मुकादमाला फोन लावला. पलीकडून मुकादमाचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता: "मांजरासाठी तोड थांबिवता? सुभेदार, डोकं ठिकानावर हाय न्हवं?" सुभेदार म्हणाले, "हाय. माज्या रानात एक आई हाय. शनवारपतोर कुनी कोयता लावायचा न्हाई." आणि फोन ठेवला. शनिवारी दुपारपर्यंत मुदत. त्यानंतर मुकादम ऐकणार नव्हता.

त्या संध्याकाळी मॅडमनी एक क्रेट आणला आणि जिथं पिल्लू सापडलं त्याच्या आसपास, उसाच्या कडेला ठेवला. भोवती चाळलेली माती पसरली, पावलं उमटावीत म्हणून. थंडी होती, म्हणून आत काहीतरी मऊ घालायचं ठरलं. मी पुढं होऊन सुभेदारांचा टर्किश टॉवेल दिला. आपण सगळे घरात जायचं, कुणी फिरकायचं नाही, असं ठरवून निघालो.

शुक्रवारी उजाडताना आम्ही गेलो. पिल्लू क्रेटमध्येच. गार पडलेलं, तोंड उघडतंय पण आवाज नाही. मॅडमनी त्याला छातीशी धरलं. सुभेदार खाली मातीकडं बघत होते.

"डाक्टर. हिकडं या."

मातीत रुपयाएवढी पावलं होती. क्रेटला दोन फेरे घातलेले. एका कोपऱ्याशी बराच वेळ थांबलेली. आणि मग परत उसात गेलेली.

"आली व्हती," सुभेदार म्हणाले. "वळकलं न्हाई तिनं."

कुणीच माझ्याकडं बघितलं नाही. मी टॉवेल उचलून नाकाशी धरला. चंदन. पिल्लू नाकाशी धरलं. चंदन, आणि खाली बोक्याचं पोतं. आई दारापर्यंत आली होती आणि आत बसला होता मी, पावडर लावून.

आयुष्यात मी बऱ्याच चुका केल्या, त्यांतल्या निम्म्या तरी सरकारी कागदावर बरोबर म्हणून नोंद आहेत. पण त्या सकाळी मला ते कवठे महांकाळचं पुसून स्वच्छ केलेलं कोकरू दिसलं. तेव्हा वास पुसून मारलं होतं, आता वास चोळून मारत होतो. आणि बिराप्पा हातावर कोकरू धरून वाड्याला काय विचारत होता, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. हे कुणाचं? ज्याची आई जिवंत असेल, त्याला तिचाच वास. आम्ही तिघांनी पिल्लाला नाव दिलं, हुद्दा दिला, जात दिली. कुणाचं, तेवढं विचारलं नाही.

मॅडमना म्हटलं, "एक करून बघतो. परवानगी द्या."

"तुम्ही?" ती म्हणाली. त्या एका शब्दात बरंच काही होतं.

"मी नव्हे. कवठे महांकाळचा एक धनगर करील, मी नुसता हात."

धुता येत नव्हतं, थंडीनं मेलं असतं. कोमट पाण्यात फडकं पिळून पिल्लू पुसलं, वैनींनी चुलीजवळ सुकवलं, पुन्हा पुसलं. चार वेळा. आता पिल्लाचा मूळचा वास हवा होता. ज्या पाचटात ते सापडलं ते तोडीच्या ढिगात गेलं होतं, आणि कुठल्या सरीत याच्यावर सुभेदारांचं आणि वैनींचं एकमत होईना.

"वरल्या अंगाला," सुभेदार म्हणाले.

"तुमी व्हता का तितं? खाली, बांधाकडं."

तेव्हा मी पत्र्यावर बघितलं. हवालदार चौथ्या दिवशीही त्याच जागी, त्याच दिशेला तोंड करून, कान पुढं. माझं 'रुसला' हे निदान आठवलं. मांजर रुसलं तर घराकडं बघत बसतं, आपण बघतोय का ते बघायला. हा उसाच्या एका कोपऱ्याकडं बघत होता. पहाऱ्यावर होता. मी त्याच्या नाकाच्या रेषेत चालत गेलो. उभ्या उसाच्या बांधाकडच्या टोकाला, दोन सऱ्या आत, खाली दबलेलं पाचट होतं आणि त्याला एक उग्र वास येत होता. चंदनाच्या अगदी उलटा. इतका घाण वास मला इतका छान कधी वाटला नव्हता.

"म्या काय म्हनत व्हते?" वैनी म्हणाल्या. "बांधाकडं."

ओंजळभर पाचट आणलं. पिल्लू त्यात लोळवलं, पोटाला, मानेला, शेपटीला चोळलं. क्रेट धुऊन, उन्हात वाळवून त्याच पाचटानं भरला, टॉवेल नाही, आणि त्याच सरीच्या तोंडाशी ठेवला, भोवती पुन्हा चाळलेली माती पसरली. चोळायच्या आधी मी हातावर पिल्लू धरून मोठ्यानं विचारलं, "हे कुणाचं?" मॅडमना वाटलं तिला विचारतोय. "तिचं," ती उसाकडं बोट करून म्हणाली. बरोबर उत्तर.

हवालदाराला सुभेदारांनी शिडी लावून स्वतः उतरवलं, म्हणाले, "ड्यूटी खतम, जवान," आणि घरात कोंडलं. दंडावर चार ओरखडे घेतले.

शनिवारी उजाडताना क्रेट रिकामा होता. मातीत पावलं सरळ आलेली, फेरा नाही, थांबणं नाही. परत जाताना पुढची पावलं जरा खोल उमटलेली. मॅडम म्हणाली, "तोंडात वजन होतं."

सुभेदारांनी उकिडवे बसून ती पावलं बघितली. मग उठले, गुडघे झाडले. "डाक्टर, त्या कारडावर डिस्चार्ज लिवा."

टोळी शनिवारपर्यंत थांबलीच नव्हती, शुक्रवारीच पुढच्या गावाला गेली होती. सुभेदारांच्या अकरा गुंठ्यांना फेब्रुवारीपर्यंत कुणी कोयता लावला नाही, उसाला तुरे आले आणि वजन घटलं, पण त्याबद्दल मला कधी ऐकवलं नाही. बाकी मात्र सगळं ऐकवलं. ते कार्ड वैनींनी फ्रिजवर चिकटवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला वाचायला. मलकापुरात आता माझ्याकडं कुणीही पिल्लू आणलं की टोपली खाली ठेवायच्या आधी विचारतं, "डाक्टर, मांजरच हाय न्हवं बगा." बिराप्पाला हे सांगायला मी एकदा कवठे महांकाळला जाऊन आलो. तो नव्हता, कधीच गेला होता. त्याच्या सुनेनं चहा दिला आणि कोण आलंय म्हणून विचारलं. मी म्हटलं, "ढोराचा डाक्टर." एवढंच खरं होतं.

गेल्या महिन्यात सुभेदारांनी खरोखरीचं गावठी पिल्लू आणलं, शेजारच्या घरातलं, आई माहीत, पत्ता माहीत. ओळख करून द्यायला मला बोलावलं. माझ्यावर विश्वास होता म्हणून नाही, मजा बघायची होती म्हणून. मी नुसत्या पाण्यानं आंघोळ करून गेलो, साबणसुद्धा लावला नाही. आठ दिवस दोन खोल्या, अंथरुणांची अदलाबदल, सगळं मोबाईलवर लिहिलं होतं तसं केलं आणि बाकी काही केलं नाही. नवव्या दिवशी दार उघडलं. हवालदार पोत्यावरून उठला, सावकाश आला, पिल्लाला हुंगलं. पिल्लू पाठीवर पडलं. मग तो माझ्याकडं आला. माझा हात हुंगला, बाही हुंगली, बॅग हुंगली, पुन्हा पहिल्यापासून हात हुंगला. मग जाऊन पोत्यावर बसला आणि थोडा सरकला, पिल्लापुरता.

पिल्लाला एकदा हुंगलं होतं. मला दोनदा.